बाईंना विचारा : रोपं चारच लावा, पण पोरांना जगवू द्या

जूनमधे शाळा उघडल्या आणि ह्या सदराकडे पत्रं आली ती बहुतेक सगळी झाडं, पाखरं, पाणी ह्यावरच. मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बरीच वर्षं पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळेत, त्यामुळे हे प्रश्न मला ओळखीचे आहेत, पण उत्तरं मात्र खूप उशिरा सापडली आणि त्यातली काही तर पोरांनीच दिली. पत्रं थोडी कापलीयत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : नमस्कार बाई. आमची वाडीवरची शाळा, पट २७. दरवर्षी शाळा उघडली की वृक्षारोपण करतो, सरपंच येतात, फोटो होतात, रोपं फुकट मिळतात. गेल्या वर्षी ५० लावली, मार्चमधे बघितलं तर ३ उरली होती. पोरांकडून सीड बॉल (बी घातलेले चिखलाचे गोळे) पण करून घेतले, २०० तरी असतील, डोंगरावर टाकून आलो, एकही उगवलेला दिसत नाही. आता पोरं विचारतायत सर आपली झाडं कुठंयत. काय सांगू त्यांना? (एक शिक्षक, भोर तालुका)

उत्तर : सर, पोरं विचारतायत ना, मग निम्मं काम झालंय. त्यांना खरं ते सांगा, आणि नुसतं सांगू नका, सगळ्यांना घेऊन त्या ५० खड्ड्यांपाशी जा. प्रत्येक खड्ड्याजवळ थांबायचं आणि पोरांनीच शोधायचं की हे कशानं गेलं. शेळीनं खाल्लेल्या रोपाचा बुंधा कसा दिसतो ते तुमच्या आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं, गवत कापताना विळा लागलेलं वेगळं दिसतं, पाण्यावाचून वाळलेलं वेगळं. वहीत चार रकाने करा, शेळी, विळा, पाणी, माहीत नाही, आणि खुणा करत जा. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा निम्म्याहून जास्त खुणा शेळीच्या रकान्यात पडल्या आणि चौथीतला एक मुलगा हळूच म्हणाला बाई ती शेळी आमचीच असंल. त्या दिवसापासून त्या पोरानं शाळेच्या बाजूला शेळ्या सोडल्या नाहीत, मी त्याला एक शब्द बोलले नव्हते.

आता यंदाचं. ५० लावू नका, चार लावा. मी गंमतीत नाही म्हणत, २७ पोरांच्या शाळेला चार झाडं जगवणं हे मोठं काम आहे. एका झाडाला सहा-सात पोरं द्या, पण एकाच वर्गातली नको, पहिलीतली एकदोन, दुसरी तिसरीतली, चौथीतली अशी मिसळून, म्हणजे चौथीची पोरं पुढच्या शाळेत गेली तरी पहिलीवाली तीन वर्षं त्या झाडाबरोबर राहतात आणि नवीन येणाऱ्याला तीच शिकवतात. झाडं मरतात ती बहुतेक मे महिन्याच्या सुट्टीत, तेव्हा शाळेला कुलूप असतं, म्हणून वाटणी करतानाच बघायचं की कुणाचं घर शाळेजवळ आहे, कुणाची आई त्याच वाटेनं पाण्याला जाते. रोपाशेजारी एक कच्च्या भाजणीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरून ठेवायचं आणि वर झाकण, त्यातून पाणी झिरपत राहतं आणि रोज नाही घातलं तरी चालतं. कुंपणाला बाभळीचे नाहीतर बोरीचे काटे, तारेची जाळी कशाला.

आणि रोपं नर्सरीतून आणण्यापेक्षा पोरांनी केली तर त्यांचा जीव गुंततो. सध्या जांभळं आहेत, खाल्ली की बी फेकू देऊ नका, जांभळाचं बी साठवून ठेवलं की थोड्या दिवसात मरतं, ताजं ताजंच पेरावं लागतं. दुधाची रिकामी पिशवी धुवायची, खाली चार भोकं, आणि माती, शेणखत, थोडी वाळू. एका जांभळाच्या बीतून कधी कधी दोन तीन कोंब येतात, ते बघून पोरांचे डोळे एवढे होतात, माझेही झाले होते. बहाव्याचं उलट आहे, त्याच्या शेंगेतलं बी वर्षभर टिकतं पण साल इतकी टणक की तसंच पेरलं तर नुसतं पडून राहतं, ते खरखरीत दगडावर घासायचं आणि रात्रभर पाण्यात ठेवायचं. दहा बिया घासून आणि दहा न घासता पेरा, आणि काय होतं ते पोरांना बघू द्या. पिशवीतलं रोप वर्षभर सांभाळून पुढच्या जुलैत लावायचं, दोन चांगले पाऊस होऊन माती वीतभर ओली झाली की. ५ जूनला, पर्यावरण दिनाला, लावायची घाई नको, त्या दिवशी आपल्याकडे शाळेला सुट्टीच असते आणि कित्येकदा पाऊसही आलेला नसतो.

उंची मोजायला पहिलीच्या पोरांना पट्टी येत नाही, तर सुतळी वापरा. दर महिन्याला रोपाच्या उंचीएवढी सुतळी कापायची आणि भिंतीवरच्या कागदावर शेजारी शेजारी चिकटवायची, जुलैची, ऑगस्टची, सप्टेंबरची. वर्षाच्या शेवटी तोच आलेख होतो आणि तो न शिकवता समजलेला असतो.

सीड बॉलबद्दल थोडं कडू लिहिते. चिखलाचे गोळे करण्यात मजा आहे, हात घाण होतात, ते हवंच. पण उघड्या उतारावर टाकलेल्या गोळ्याला सलग ओल मिळत नाही, मुंग्या नि उंदीर बी काढून नेतात, आणि उगवलंच तर पहिल्या उन्हाळ्यात जातं नाहीतर गुरांच्या तोंडी जातं. करायचेच असतील तर वीस करा, खूण करून ठेवलेल्या जागी टाका आणि दर आठवड्याला जाऊन बघा. टाकून विसरायचं असेल तर पोरं टाकायलाच शिकतात फक्त.

कुठली झाडं ते मी सांगत नाही, ह्याचा पण खेळ आहे. उंबराखाली पाव तास आणि गुलमोहराखाली पाव तास गप्प बसायचं आणि कोण कोण येतं ते मोजायचं, पाखरं, खारी, मुंगळे, फुलपाखरं सगळं. गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं, बांधावर हिरवळीच्या खताला गिरिपुष्प चांगलं आहे ते मी नाकारत नाही, पण पाहुणे कुणाकडे जास्त येतात ते पोरांच्या वहीत येऊ द्या. मग पुढच्या वर्षी काय लावायचं ते तीच ठरवतील.

प्रश्न : मॅडम, माझी बदली अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळेत झालीय, मी लहानपणापासून शहरात वाढले. परिसर अभ्यास शिकवायला उभी राहते तेव्हा पोरं मला हसतात असं वाटतं कारण त्यांना सगळं येतं आणि मलाच काही येत नाही. मी त्यांना निसर्ग काय शिकवणार? (एक शिक्षिका)

उत्तर : बाळा, ती हसत नाहीयेत, त्यांना बाई पहिल्यांदा काहीतरी त्यांच्याकडून शिकायला बसलेली दिसतीये, त्याचा आनंद आहे तो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्या दोन शिक्षिकांनी १९४५ साली डहाणूजवळ बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढं जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथली आदिवासी पोरं शाळेत येत नव्हती कारण ती दिवसभर गुरांमागे असायची. मग ह्या दोघींनी शाळाच गुरं चरतात तिथं नेली आणि त्याला कुरणशाळा म्हटलं. खडे, पानं, बिया हेच साहित्य. मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. तू एक दिवस त्यांच्या मागे जा, पुढे नको.

एक मोठी वही कर, तिला ऋतूंची वही म्हण. दर सोमवारी परिपाठ झाला की एकच प्रश्न विचारायचा, ह्या आठवड्यात रानात नवीन काय दिसलं? पोरं सांगतील ते त्यांच्या शब्दात लिहायचं, त्यांच्या बोलीतलं नाव आधी आणि पुस्तकातलं नाव मागून. शेवळं कधी निघाली, पावशा कधी ओरडायला लागला, काजवे कधी आले आणि कधी गेले, करवंदं कधी संपली. काजव्यांचं विशेष लिही, तुमच्या भागात पावसाच्या तोंडावर काजवे बघायला गाड्या भरभरून माणसं येतात, गाडीचे दिवे, बॅटऱ्या, मोबाईल, आणि काजव्यांचं सगळं बोलणं उजेडावरच असतं. पोरांना विचार, ज्या झाडापर्यंत गाड्या जातात तिथं काजवे किती आणि आतल्या झाडावर किती. पुढच्या मे महिन्यात आई-वडलांना बरोबर घेऊन मोजायला सांग. तुझी पोरं हे असं मोजतील जे बाहेरच्या कुणाला जमणार नाही.

दुसरं म्हणजे एखाद्या आजीला वर्गात बोलव, खुर्चीवर बसव, शाल नको नारळ नको, तिनं येताना रानभाजी आणायची एवढंच. शेवळं, कुरडू, भारंगी, फोडशी, चाई, जे त्या आठवड्यात असेल ते. कशी ओळखायची, कुठली खाजते, खाजऱ्या शेवळात काय आंबट घालायचं, आणि मुख्य म्हणजे किती काढायची. माझ्या ओळखीची एक आजी सांगायची की कंदाला हात लावायचा नाही, वरचं घ्यायचं आणि एका जागचं सगळं कधीच घ्यायचं नाही, पुढच्या वर्षी परत यायचंय आपल्याला. संवर्धन हा शब्द तिला माहीत नव्हता पण ती तेच करत होती. पोरांना सांग की आजी सांगते ते वहीत लिहा, चित्र काढा, आणि एक नियम पक्का, मोठ्या माणसानं ओळखल्याशिवाय रानातलं काही तोंडात घालायचं नाही.

तुला जे येत नाही ते येत नाही म्हण. "मला माहीत नाही, आपण शोधूया" हे वाक्य मी वयाच्या चाळिशीपर्यंत वर्गात बोलले नव्हते, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रश्न : बाई, आमच्या शाळेतली तिसरी चौथीची पोरं बेचकीनं पाखरं मारतात. किती वेळा बेचक्या जप्त केल्या, पालकांना बोलावलं, पण दुसऱ्या दिवशी नवीन बेचकी तयार. पक्षी वाचवा म्हणून घोषणा देतात आणि शाळा सुटली की नेम धरतात. (एक मुख्याध्यापिका, शिरूर तालुका)

उत्तर : जप्त करणं थांबवा, मॅडम. ज्याचा नेम चांगला त्याची नजर चांगली असते, आणि ती नजर तुम्हाला हवीय.

ह्या पोरांना पक्षीतज्ज्ञ सलीम अलींची गोष्ट सांगा. लहान असताना त्यांनी एअरगननं एक चिमणी मारली, ती नेहमीसारखी नव्हती, गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली हे घरी कुणाला सांगता येईना, म्हणून मामांनी चिठ्ठी देऊन मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, तिथं मिलार्ड नावाच्या साहेबानं रागावण्याऐवजी कपाटं उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. तिथून तो मुलगा पाखरांचाच झाला. मिलार्डनं त्या दिवशी नुसती बंदूक जप्त केली असती तर काय झालं असतं असं मी पोरांना विचारायचे, आणि वर्ग एकदम शांत व्हायचा.

मग काम द्या. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या दोन नळ्या बांधून दुर्बीण करा, काच नाही काही नाही, पण एका वेळी एकच गोष्ट बघायची सवय लागते. बेचकीवाल्या पोरांना गटप्रमुख करा. दर शनिवारी एकाच जागी, एकाच वेळी, पाव तास, जेवढी दिसतील तेवढी लिहायची, साळुंकी ४, वेडा राघू २, कोतवाल १, असं. जागा आणि वेळ बदलायची नाही, नाहीतर आकडे ताडून बघता येत नाहीत. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, रानावनावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. तोवर तुमच्या पोरांकडे चार महिन्यांची वही तयार असेल आणि कुठल्याही भाषणापेक्षा ती वाचून दाखवणं चांगलं.

एक मात्र लक्षात घ्या, ज्वारी दुधात आली की हीच पोरं गोफण घेऊन राखणीला बसतात आणि ते त्यांच्या घरचं पोट आहे, तिथं आपण पाखरांची बाजू घेऊन भाषण देऊ नये. हाकलणं वेगळं आणि मारणं वेगळं एवढं बोलावं, आणि शेताला उपयोगी पडणारं कोण ते त्यांनाच शोधू द्यावं. नांगरामागे बगळे का चालतात? पिंगळा रात्री काय खातो? ह्यासाठी आमचा सगळ्यात आवडता उपक्रम सांगते. जुन्या वाड्यात नाहीतर पडक्या विहिरीशी गव्हाणी घुबड असतं, त्याच्या बसायच्या जागेखाली काळपट गोळे पडलेले असतात, ती विष्ठा नसते, न पचलेली हाडं आणि केस ते तोंडावाटे टाकतं. तुम्ही स्वतः पिशवी हातात घालून दोन तीन गोळे आणा, फिनेलच्या नाहीतर डेटॉलच्या पाण्यात भिजवा, मग पोरांनी काडीनं सोडवायचे आणि नंतर साबणानं हात धुवायचे. आमच्या एका गोळ्यात उंदराच्या तीन कवट्या निघाल्या. ज्या पोरांच्या घरात घुबड दिसलं की अपशकुन म्हणून दगड मारायचे, त्यातल्या एकीनं संध्याकाळी आजोबांना सांगितलं की ते आपली ज्वारी राखतंय. आजोबा दुसऱ्या दिवशी शाळेत विचारायला आले, खरं का बाई. मी त्यांना कवट्या दाखवल्या.

प्रश्न : माझी मुलगी चौथीला आहे. पुढच्या वर्षी नवोदयची परीक्षा. शाळेत नवीन सर आलेत ते पोरांना घेऊन ओढ्यावर जातात, पाऊस मोजतात, माती घोळतात. माती आम्ही घरी पण घोळतोच की. शाळेत अभ्यास व्हावा. शिवाय साप किरडू चावलं तर जबाबदार कोण. (एक पालक, माण तालुका)

उत्तर : दादा, तुमची काळजी खरी आहे, दोन्ही बाबतीत. आधी अभ्यासाचं बोलते.

पाऊस मोजणं म्हणजे गणितच आहे. एक सरळ कडेचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवायचा, झाडापासून भिंतीपासून लांब, आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीनं किती मिलिमीटर भरला ते लिहायचं, हवामान खातंही त्याच वेळेला मोजतं. आता एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लीटर पाणी होतं. शाळेचं छप्पर समजा १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, म्हणजे ६० चौरस मीटर. एका रात्रीत २० मिलिमीटर झाला तर ६० गुणिले २०, १२०० लीटर. १५ लीटरची घागर धरली तर ८० घागरी, एका रात्रीत, नुसत्या शाळेच्या पत्र्यावरून. क्षेत्रफळ, गुणाकार, भागाकार, एकक बदलणं सगळं ह्यात आलं, आणि माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागातल्या मुलीला ८० घागरी म्हणजे किती ते डोक्यावर वाहून माहीत असतं. तुमच्या मुलीला आज घरी विचारा की आपल्या पत्र्यावरून किती घागरी वाहून गेल्या. ती छप्पर मोजायला लागली तर टेप धरा तिच्यासोबत.

मातीचंही तसंच. काचेच्या बरणीत बांधावरची माती आणि पाणी घालून हलवायचं आणि ठेवून द्यायचं, सकाळपर्यंत खाली वाळू, वर गाळ, त्यावर चिकणमाती असे थर बसतात, थरांवरून अपूर्णांक शिकवता येतो. तीन बाटल्या आडव्या कापून एकीत उघडी माती, एकीत पाचोळा पसरलेली, एकीत गवत उगवलेली, आणि झारीनं सारखंच पाणी. उघड्या मातीतून गढूळ पाणी येतं, गवतातून बऱ्यापैकी निवळ. तुम्ही शेती करता, ती गढूळ बाटली बघून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटेल.

सापाचं आता. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार आपल्याकडे जिवाला धोका करणारे मुख्य, आणि पावसाळ्यात जपावंच लागतं. सरांना जाऊन हे विचारा, की पोरांच्या पायात चप्पल-बूट असतात का, दगड हातानं उचलतात का काठीनं, गुडघ्यावर गवत असेल तिथं जातात का, विहिरीच्या काठावर पोरं वाकतात का. विहिरीचं पाणी मोजायचं तर दोरी मोठ्या माणसानं सोडायची, पोरांनी लांबून गाठी मोजायच्या. आणि कधी काही झालंच तर मुलाला चालवायचं नाही, हालचाल कमी ठेवायची, १०८ ला फोन आणि थेट दवाखाना, देवऋषी नाही. हे शाळेत भिंतीवर लिहिलेलं हवं. सरांकडे ही तयारी असेल तर मुलीला पाठवा, नसेल तर तयारी करायला लावा, तो तुमचा हक्क आहे. शक्य असेल तर एका शनिवारी तुम्हीच सोबत जा.

प्रश्न : एका कंपनीकडून शाळेला १००० रोपं आणि खड्डे काढायला मशीन मिळतंय. शाळेशेजारी मोठा माळ पडीक आहे. पोरांकडून तिथं जंगल करून घ्यायचा विचार आहे, सल्ला द्यावा. (एक शिक्षक, बारामती तालुका)

उत्तर : सर, थांबा. तो माळ पडीक नाहीये.

आधी सुतळीचा एक मीटर बाय एक मीटर चौकोन करा, माळावर तीन ठिकाणी टाका आणि आत किती प्रकारचं गवत, किती किडे, कुणाच्या लेंड्या ते पोरांना मोजायला लावा. वर्गात एखादं धनगराचं पोर असेल तर त्याला पुढे करा, पवन्या कुठला, मारवेल कुठली, कुसळी कधी टोचते ते त्याला माहीत असतं, आणि इतर वेळी वर्गात मागे बसणारं ते पोर त्या दिवशी सर होतं. चालताना खाली बघत चाला, चंडोल, टिटवी, धाविक जमिनीवरच अंडी घालतात आणि ती मातीत मिसळून जातात. खोकड, लांडगा, चिंकारा ह्यांना दाट झाडी नकोच असते, उघडा माळच लागतो. तुमच्या तालुक्यातच सुप्याला मयुरेश्वर अभयारण्य आहे, पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, चिंकाऱ्यासाठी राखलेलं माळरान. सहल तिथं न्या. तिथून आल्यावर पोरांनाच विचारा की आपल्या माळावर मशीन लावायचं का.

कंपनीला नम्रपणे सांगा की १००० नको, ५० द्या आणि तीन वर्षांचं पाणी द्या. ती ओढ्याकाठी लावा, करंज, उंबर, जांभूळ, जिथं झाड मुळात असायचं तिथं. खड्ड्याचं मशीन एका दिवसात माळ उकरून जातं, गवताची ती माती परत बसायला किती वर्षं लागतील ते आपल्या हातात राहत नाही.

प्रश्न : प्लास्टिक गोळा करायचा उपक्रम घेतला, सहा पोती जमली. आता त्याचं काय करू? जाळून टाकू का? (एक शिक्षिका, देवगड तालुका)

उत्तर : जाळू नका, पोरांच्या नाकात तो धूर जातो. तालुक्याच्या गावात भंगारवाला काय काय घेतो ते विचारा, बाटल्या आणि जाड प्लास्टिक घेतात, वेफर्सच्या चकचकीत पिशव्या कुणी घेत नाही. मग त्या पोत्यांतून पिशव्या निवडून मोजा, कुठल्या खाऊच्या किती, आणि तो आकडा घेऊन पोरांनी गावातल्या दुकानदाराला भेटायचं, भांडायला नाही, हा खाऊ बरणीतून सुटा देता येईल का हे विचारायला. सोबत शाळेच्या कोपऱ्यात एका ओळीत पाच वस्तू पुरा, केळीचं साल, कागद, सुती चिंधी, नारळाची शेंडी, एक वेफर्सची पिशवी, वर नावाच्या पाट्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर उकरा. कोकणात पाऊस भरपूर, त्यामुळे फरक लवकर दिसेल.

प्रश्न : बाई मी चौथीत आहे. आमच्या शाळेच्या मागं विहीर आहे तिच्यावर बाभळ वाकलीय आणि तिच्यावर सुगरणीची घरटी आहेत. विहिरीवाले आजोबा म्हणतात बाभळ तोडणार कारण पाणी भरताना काटे लागतात. आम्हाला ती घरटी पाहिजेत. आम्ही काय करू? (एक विद्यार्थिनी, करमाळा तालुका)

उत्तर : तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं ग. अक्षर पण छान आहे.

आधी तुला काही सांगते जे तू आजोबांना सांगू शकतेस. घरटं विणतो तो नर असतो, पिवळ्या डोक्याचा. अर्धं झालं की ते टोपीसारखं दिसतं, मग मादी येऊन बघून जाते, तिला पसंत पडलं तरच तो पुढची नळी विणतो, नाहीतर ते तसंच अर्धं लटकत राहतं. तुमच्या बाभळीवर टोपीसारखी किती आहेत आणि लांब नळीची किती ते मोज, म्हणजे किती घरं पसंत पडली ते कळेल. विहिरीवर वाकलेली फांदी ते मुद्दाम निवडतात, खाली पाणी असलं की साप मांजर सहज येत नाही.

विहिरीजवळ जायचं नाही, शाळेच्या भिंतीशी उभं राहूनच बघायचं, आणि बाई किंवा सर सोबत हवेत.

रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटं लिहा, तारीख, किती घरटी, नर काय आणतोय, गवत का पात, पिल्लांचा आवाज येतो का. दोन आठवडे झाले की सरांना घेऊन आजोबांकडे जा आणि वही वाचून दाखवा. झाड कधीच तोडू नका असं म्हणू नका, काटे त्यांना खरंच लागत असतील. त्यांना विचारा, पिल्लं उडून जाईपर्यंत, म्हणजे दसऱ्यापर्यंत थांबाल का? आणि पाणी भरायच्या बाजूची खालची एकच फांदी छाटली तर काटे लागायचे थांबतील का? ती फांदी छाटली की काटे उचलून तुम्ही पोरांनी शाळेतल्या रोपांना कुंपण करा, मोठ्या माणसाच्या मदतीनं.

आजोबा काय म्हणाले ते मला कळव, आणि टोपीवाली किती, नळीवाली किती ते आकडे पण लिही.